मुकुट आणि भूमिका : नम्रता शिरोडकर यांच्या कारकिर्दीचा एक विचार

सौंदर्यस्पर्धेत मुकुट मिळविलेली तरुणी पुढे चित्रपटसृष्टीत येते, ही गोष्ट आता इतकी रूढ झाली आहे की तिच्या मुळाशी काही प्रश्न असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. लीला नायडू १९५४ साली ‘मिस इंडिया’ ठरल्या आणि १९६० साली हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनुराधा’त दिसल्या. पुढे जुही चावला आल्या. १९९४ च्या सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्यानंतर तर मुकुट म्हणजे चित्रपटसृष्टीचा परवानाच, हा समज दृढ झाला. तो कितपत खरा आहे, हे एका मराठी घराण्याच्या उदाहरणावरून तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण १९९३ च्या ‘मिस इंडिया’ नम्रता शिरोडकर यांचे. परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी पंचावन्न वर्षे मागे जाणे अगत्याचे आहे.

१९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट काढला. दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि लेखन प्र. के. अत्रे यांचे. औदुंबर नावाचा एक सामान्य तरुण व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची दीक्षा घेतो, घरातील नटींची चित्रे फेकून देतो, व्यायामास लागतो, आणि किशोरी समोर येताच त्याचा निश्चय डळमळू लागतो. किशोरीची भूमिका करणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर, पूर्वाश्रमीच्या रतन पेडणेकर, यांनी शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेली होती. या बोलपटातील एका गीतात त्या पोहण्याच्या पोषाखात पडद्यावर आल्या आणि त्यावरून मोठे वादळ उठले.

या वादळाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. अत्र्यांच्या विनोदाचा रोख होता तो औदुंबराच्या ब्रह्मचर्याच्या सोंगावर. व्रत मोडावयाचे तर त्याची कसोटी लागली पाहिजे. तेव्हा तो पोषाख कथानकाच्या युक्तिवादाचाच भाग होता, निव्वळ शोभेचा नव्हे. लोकचर्चेने मात्र पोषाख तेवढा उचलला आणि युक्तिवाद मागे सोडला. (आपल्या समीक्षेनेही अनेकदा तेच केले, हे कबूल करावयास हवे.) ‘ब्रँडीची बाटली’, ‘देवता’, ‘अर्धांगी’ हे त्यांचे पुढील बोलपट आणि त्यानंतरचे रंगभूमीवरील कार्य यांची आठवण चित्रपटाच्या अभ्यासकांपुरतीच उरली, सर्वसाधारण स्मृतीत मीनाक्षीबाई त्या एका गीतापुरत्या राहिल्या. कोणत्याही स्पर्धेत न उतरता त्यांना सौंदर्याचा किताब जणू चिकटला, आणि त्याखाली गाणारी, अभिनय करणारी स्त्री झाकली गेली.

नम्रता शिरोडकर या मीनाक्षीबाईंच्या नात. जन्म १९७२, मुंबई. ‘मिस इंडिया’ झाल्यावर त्याच वर्षी मेक्सिको सिटी येथे भरलेल्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि उपांत्य फेरीतील दहा जणींत स्थान मिळविले. आजीने जो पोषाख घातल्यामुळे गदारोळ झाला होता, तो पोषाख आता गुणपत्रिकेतील एक सदर झाला होता! मुलाखत, पोहण्याचा पोषाख आणि सायंकालीन वेष यांना परीक्षक वेगवेगळे गुण देत. एका परीने हे स्त्रीच्या मोकळिकीचे लक्षण मानता येईल. पण जी गोष्ट ‘ब्रह्मचारी’त एका पात्राच्या खोडकरपणाने आली होती, तीच येथे मोजमापाचा विषय झाली, हेही दृष्टीआड करता येत नाही.

स्पर्धेची आणि अभिनयाची रीत यांत मूलभूत भेद आहे. स्पर्धेतील तरुणी परीक्षकांसमोर येते ती सर्वांगांनी पूर्ण झालेली प्रतिमा म्हणून. तिच्या चालण्यात, हसण्यात, दोन वाक्यांच्या उत्तरात कोठे अपुरेपणा दिसता कामा नये. उलट भूमिका उभी राहते ती अपुरेपणावर. पात्र कशाच्या तरी अभावाने हलते, दुसऱ्या पात्राच्या संबंधाने बदलते, चुकते आणि त्याची किंमत मोजते. म्हणूनच मुकुट मिळविताना कमावलेले कौशल्य कॅमेऱ्यापुढे कधी अडसरही ठरते.

नम्रताबाईंचा पहिला चित्रपट ‘जब प्यार किसीसे होता है’ प्रदर्शित झाला तो १९९८ साली, म्हणजे मुकुटानंतर पाच वर्षांनी. आणि त्यात त्यांची भूमिका लहानशीच होती. त्यांच्या भगिनी शिल्पा शिरोडकर कोणत्याही मुकुटाविना १९८९ च्या ‘भ्रष्टाचार’पासून काम करीत होत्या आणि १९९३ पर्यंत ‘किशन कन्हैया’, ‘हम’, ‘खुदा गवाह’, ‘आँखें’ अशा चित्रपटांतून स्थिरावल्याही होत्या. एकाच घरातील ही तुलना परवान्याच्या समजास पुरेशी बाधक आहे.

नम्रताबाईंच्या अभिनयाचा खरा विचार करावयाचा तो महेश मांजरेकरांच्या दोन चित्रपटांच्या संदर्भात. ‘वास्तव’ (१९९९) मध्ये मुंबईच्या चाळीतील रघू गुन्हेगारीच्या वाटेने जातो. सोनू ही वेश्या पुढे त्याची पत्नी होते. ज्या बाजारात रूपाची किंमत ठरते तेथून आलेल्या या स्त्रीला घरात केवळ सून म्हणून वावरावयाचे आहे. विश्वसुंदरीच्या व्यासपीठावर उभी राहिलेली अभिनेत्री या भूमिकेसाठी निवडली जावी, यातील विरोध बोलका आहे. संजय दत्त आणि रीमा लागू यांच्या प्रभावी भूमिकांमुळे सोनूकडे समीक्षकांचे काहीसे दुर्लक्ष झाले, असे आमचे मत आहे.

‘अस्तित्व’ (२०००) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला आणि त्यास मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. कथा आदितीची, म्हणजे तब्बू यांची. अनेक वर्षांपूर्वीचा तिचा एक संबंध उघडकीस येतो. पती तिला दोषी ठरवितो आणि मुलगाही बापाचीच बाजू घेतो. त्या मुलाशी विवाह करावयास निघालेली रेवती सारे पाहते आणि आपला निर्णय बदलते. भूमिका छोटी, पण नैतिक निवाडा तिच्या वाट्यास आलेला. येथे नम्रताबाईंकडे कोणी पाहावे असा प्रश्नच नाही. पाहणारी आणि पारखणारी तीच आहे. परीक्षकांच्या रांगेसमोर सुरू झालेल्या कारकिर्दीत हे उलटे स्थान मिळणे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. २००० सालीच ‘पुकार’ आणि तेलुगू ‘वंशी’ प्रदर्शित झाले. ‘वंशी’त महेश बाबू नायक होते. २००४ च्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ या गुरिंदर चड्ढांच्या चित्रपटात नम्रताबाई थोरल्या बहिणीच्या आणि ऐश्वर्या राय धाकट्या बहिणीच्या भूमिकेत होत्या. १० फेब्रुवारी २००५ रोजी महेश बाबूंशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी अभिनय थांबविला. म्हणजे पडद्यावरील कारकीर्द अवघी सहासात वर्षांची.

मीनाक्षीबाईंचे निधन १९९७ साली झाले. नातीला मुकुट मिळाला तो आजीच्या हयातीत. सोनू आणि रेवती मात्र त्यानंतर आल्या.