तांड्यावरची इंग्रजी आणि गुरुजींचं प्रशिक्षण

जून 2000 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. तोवर मराठी शाळेतल्या पोरांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. खेड्यातली मुलं मागे राहू नयेत हा हेतू रास्त होता, आणि त्यासाठी मोरे सरांचं ऋण मानलंच पाहिजे. पण त्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गावर उभे राहिलेले बहुतेक गुरुजी आणि बाई स्वतः तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणाने इंग्रजी शिकले होते. धडा वाचता येई, अर्थ सांगता येई. बोलायची वेळ मात्र सहसा आलीच नव्हती. सहा वर्षांच्या लेकराच्या तर आधी कानांवरच भाषा पडावी लागते. तेव्हापासूनची सगळी प्रशिक्षणं ही दरी बुजवण्यासाठी चालली आहेत.

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीच्या परिसरात, ही दरी आणखी रुंद होते. बंजारा समाजाचं श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच तालुक्यातली. इथल्या बंजारा तांड्यांवर घरोघरी गोरमाटी बोलतात. आईला याडी आणि भाकरीला बाटी म्हणणारं लेकरू शाळेत आलं की त्याला आधी मराठी गाठावी लागते, आणि त्याच वर्षी इंग्रजीही. दुसरी भाषा रुजण्याआधीच तिसरी समोर येते. वर्गात इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगितला, तरी या मुलाचं कोडं सुटेलच असं नाही. इंग्रजीच्या प्रशिक्षणात हा मुद्दा अग्रभागी हवा. तो बहुधा शेवटच्या तासिकेला, चहानंतर येतो.

प्रशिक्षणाची उतरंड सगळ्यांच्या परिचयाची आहे. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस घटतात आणि सराव गळतो. खाली पोचतं ते पीपीटी आणि हजेरीपत्रक. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या राज्य आंग्ल भाषा संस्थेने या कामाला विषयाची बैठक दिली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ दिले. त्यात मुलांसोबत शिक्षकाचाही कान तयार होत असे, म्हणून मला तो प्रयोग मोलाचा वाटतो. 2016 मध्ये ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी मिळून ‘तेजस’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यात निवडक जिल्ह्यांतल्या शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने जमत, वर्गात काय चाललं आणि काय फसलं ते एकमेकांना सांगत, आणि तेही जमेल तेवढं इंग्रजीतून. एकदाच भरणाऱ्या मोठ्या शिबिरापेक्षा हा मार्ग खरा, असं माझं ठाम मत आहे. भाषा नियमित वापरानेच अंगी मुरते, आणि शिक्षकही त्याला अपवाद नाही.

शिक्षकाला आणखी एक गोष्ट यायला हवी: मुलाची चूक वाचणं. ‘टेबलवर’ मधला ‘वर’ नामानंतर येतो, तर इंग्रजीत ‘ऑन’ नामाआधी. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून मूल ‘आय मँगो ईट’ म्हणतं. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं मराठीत नाहीतच, मग ती गळणारच. देवनागरीत ‘क’ हा ‘क’च राहतो; इंग्रजी ‘सी’ मात्र ‘कॅट’मध्ये ‘क’ होतो आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. हे कारण ठाऊक असलेली बाई लाल शाईचा पेन बाजूला ठेवते आणि पुढच्या तासाला त्याच वाक्याचा खेळ घेते.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर परिसरातल्या शाळांत असंच काहीसं करून पाहिलं. व्याकरण पाठ करून घेण्याऐवजी नकाशा, वेळापत्रक असं काही पुढ्यात ठेवायचं आणि मुलांना त्यातून उत्तर शोधायला लावायचं. उत्तर शोधता शोधता भाषा येते, असं त्यांचं म्हणणं. यासाठी इंझोरीत महागडं साहित्य लागणार नाही. मानोरा, कारंजा, दिग्रसकडे जाणाऱ्या एसटीचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं आणि ‘विच बस इज फर्स्ट?’ एवढं विचारलं, तरी तास रंगेल.

2018 पासून वाशीम हा केंद्र सरकारच्या योजनेतला आकांक्षित जिल्हा आहे, त्यामुळे गुणवत्तेच्या तक्त्यांची कमतरता नाही. कमतरता आहे ती वर्गात येऊन शेजारी बसणाऱ्या मार्गदर्शकाची. केंद्रप्रमुखांचा वेळ माहिती भरण्यात जातो, आणि दोन शिक्षकांच्या शाळेतून एक जण प्रशिक्षणाला गेला की उरलेल्याला चारही वर्ग सांभाळावे लागतात. दुसरीकडे, गोरमाटी जाणणारे तरुण डी.एड. होऊन याच परिसरात आहेत. त्यांच्यापैकी जे सेवेत असतील त्यांना तांड्यावर आणायचं, तर वाट बदल्यांतून जाते. बदल्यांच्या निकषांत सेवेची वर्षं, अवघड क्षेत्र, पती-पत्नी एकत्रीकरण हे सारं येतं. तिथेच मुलांच्या घरच्या भाषेचा एक रकाना घातला, तर तांड्यावरच्या पहिलीला गोरमाटी समजणारी बाई मिळेल.