स्लिप निघाली, पैसे कुठे?

लग्नसराईतली संध्याकाळ. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या एका दुकानात दहा हजारांचा शालू पसंत पडतो. गल्ल्यावर कार्ड पुढे होतं, पिन दाबला जातो, मशीन किरकिरत कागद बाहेर टाकतं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘दहा हजार खर्च झाले’ असा मेसेज येतो. शेटजींच्या खात्यात मात्र या घटकेला दमडीही आलेली नसते. त्यांच्या हाती आहे तो शब्द. जुन्या पेढ्यांवर हुंडी चालायची, तिच्याच गोतातला.

हा शब्द कोण देतं? मशीन शेटजींच्या बँकेचं. तिथून निघालेला निरोप व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात शिरतो. कार्डावरचे सुरुवातीचे आकडे पाहिले की ते कोणत्या बँकेचं हे जाळ्याला कळतं. ती बँक पिन तपासते, कार्ड हरवल्याची नोंद नाही ना ते बघते, मर्यादा शिल्लक आहे का आणि हा खर्च या माणसाच्या सवयीत बसतो का, हेही. पटलं की मर्यादेतले दहा हजार अडवून ठेवते आणि मंजुरीचा क्रमांक धाडते. काही सेकंदांचा खेळ. अमेरिकेत ज्या संस्थेचं नाव पुढे व्हिसा झालं, तिने १९७३ साली हे काम संगणकावर आणलं. त्याआधी मोठ्या रकमेसाठी दुकानदार फोन लावून ताटकळायचा.

खरी गंमत रात्री. दिवसभराच्या मंजुऱ्या मशीनमध्ये ‘बॅच’ म्हणून साठलेल्या असतात. शटर ओढण्याआधी ‘सेटलमेंट’ मारलं की त्या बँकेकडे रवाना होतात. बरीच नवी मशीन हे आपसूक करतात. जुन्यावर नोकर विसरला, तर गिऱ्हाइकाची मर्यादाही अडकलेली आणि शेटजींचे पैसेही.

याच वेळेवर शालू परत करण्याचं गणित ठरतं. बॅच जाण्याआधी गिऱ्हाईक परतलं तर ‘व्हॉइड’ करता येतं: सौदा यादीतूनच गळतो, अडवलेली मर्यादा सुटते. दुसऱ्या दिवशी आलं, तर ‘रिफंड’. तो उलट्या दिशेचा नवा व्यवहार, म्हणून कार्डावर उमटायला काही दिवस घेतो. ‘पैसे घेताना सेकंद, देताना आठवडा’ हा टोमणा शेटजी निमूट ऐकतात. त्यांचा दोष नसतो.

बॅच गेल्यावर जाळं हिशोब मांडतं. प्रत्येक शालूसाठी या बँकेने त्या बँकेला वेगळे पैसे धाडायचे, असं होत नाही. सगळं देणं-घेणं वजा करून उरलेली रक्कम तेवढी हलते. शेटजींना साधारण पुढच्या कामाच्या दिवशी पैसे मिळतात, तेही कापून. दर दोन टक्के धरा: दोनशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे छत्तीस. हाती ९,७६४. दोनशेतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, उरलेल्यात जाळं आणि शेटजींची बँक. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या ‘रिवॉर्ड पॉइंट’चं दाणापाणी बरंचसं इथूनच निघतं, आणि ‘कार्डावर दोन टक्के जास्त पडतील हं’ ही गल्ल्यावरची कुजबुजही. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून ही कपात शून्य आहे, त्यामुळे ते कार्ड पाहून शेटजींचा चेहरा खुलला तर नवल नको.

कधी मेसेज येतो, पण स्लिप निघत नाही. निरोप जाताना पोचला, येताना वाटेत हरवला. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार खात्यातून गेलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत; पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने शंभर रुपये भरपाई द्यायची. गल्ल्यावर भांडून उपयोग नाही, शेटजींकडे ते पैसे आलेलेच नसतात.

आणि पैसे आले म्हणजे राहिलेच, असंही नाही. ‘हा खर्च मी केलाच नाही’ अशी तक्रार गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे काही आठवड्यांनीही करू शकतं. मग शेटजींकडे पुरावा मागितला जातो. तो नसला तर जमा झालेली रक्कम उलट वळती होते. पुरावा म्हणजे बिल आणि ती स्लिप. तिचा कागद उष्णतेने उमटणारा, ड्रॉवरमध्ये पडल्यापडल्या पांढरा होत जाणारा. म्हणून मुरलेले दुकानदार मोठ्या रकमेच्या स्लिपची त्याच दिवशी झेरॉक्स काढून बिलाला टाचतात.