नवं ऑइल सील टाकूनही जुनी बुलेट तेल का गाळते?
इंजिनचं पूर्ण काम झालं, सगळी ऑइल सील नवी टाकली, तरी जुन्या कास्ट आयर्न बुलेटखाली तेलाचा डाग दिसतो. दोष दरवेळी सीलचाच नसतो.

फिरत्या शाफ्टला चिकटून तेल अडवते ती सीलची रबरी कड. तिची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे हवी. वर्षानुवर्षं घासून शाफ्टवर खाच पडते. ती नखाला लागत असेल, तर नवं सीलही गळू शकतं. अशा वेळी जागा असल्यास सील थोडं पुढेमागे बसवतात किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात. बसवताना कडेला तेल लावा. शाफ्टवर आटे असतील तर त्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर कड चिरते.

आता हवेचं बघू. ३५० बुलेटचा पिस्टन खाली येताना सुमारे ३४६ सीसी हवा क्रँककेसमध्ये ढकलतो. ती ब्रीदरच्या एकतर्फी रबरी व्हॉल्व्हमधून बाहेर पडायला हवी. व्हॉल्व्ह कडक झाला किंवा नळी तुंबली, की आत दाब वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर येतं.

म्हणून सील विकत घेण्याआधी ब्रीदर तपासा.