घरातली गोष्ट पुस्तकात

मुलांना भरवताना, निजवताना आपण कितीतरी गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या तर आपणच रचलेल्या! मग एखादीच्या मनात येतं, हिचं छान चित्रांचं पुस्तक निघालं तर? अहो, येऊ द्या की. सई परांजपे यांचं 'मुलांचा मेवा' हे परीकथांचं पुस्तक निघालं तेव्हा त्या अवघ्या ८ वर्षांच्या होत्या. आपण तर चांगल्या घोडनवऱ्या आहोत!

आमच्या बदलापूरला पावसाचं आणि उल्हास नदीचं भय नेहमीचं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. त्यावरून मी एका बेडकाची गोष्ट रचली. तो पुराच्या पाण्यातून गाडीत चढतो आणि तिकीट तपासनिसाला घाबरून सीटखाली दडतो. मी अर्धवेळ शिकवते तिथली दुसरीची मुलं खो खो हसली.

पण तोंडी सांगताना आपले हात, डोळे, आवाज मदतीला असतात. कागदावर ते काम चित्र करतं. म्हणून जे चित्रात दिसणार, ते पुन्हा शब्दांत कशाला? 'हिरवागार बेडूक' लिहायला नको, तो दिसतोच आहे. त्याला आईची आठवण येते, हे मात्र लिहायला हवं. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं या नजरेने पाहावीत. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे शब्द कुठे थांबतात ते नेमकं कळतं.

एक घरगुती युक्ती सांगते. छापखान्यात मोठा कागद दुमडून पानं होतात, म्हणून पुस्तक बहुधा १६ किंवा २४ पानांचं असतं. कोऱ्या कागदांची तेवढ्याच पानांची वही शिवावी आणि कुठल्या पानावर काय येईल ते लिहावं. पान उलटताना 'आता काय होणार?' असं वाटलं पाहिजे. चार-पाच पानं तर उगाच भरलेली निघतात!

आता पैशांचं. एका गृहस्थांनी मला सांगितलं, 'खर्च तुम्ही करा, ३०० प्रती घरपोच देतो.' आकडा ऐकून हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सासूबाई बिचाऱ्या म्हणाल्या, 'बांगडी मोडू या का गं?' त्यांची माया खरी, पण बांगडी मोडायची आणि पलंगाखाली गठ्ठे रचायचे, हा कुठला व्यवहार? मी सरळ नको म्हटलं.

त्यापेक्षा आधी मासिकाकडे पाठवावी. 'चांदोबा' आता निघत नाही, पण बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे. दिवाळी अंकासाठी मजकूर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गेलेला बरा. आणि एक प्रत आपल्याजवळ हवीच.

मासिक असो की प्रकाशक, चित्रकार बहुधा तेच निवडतात. शेजारच्या मुलाकडून चित्रं काढून पाठवायची घाई करू नये. स्वतः कुणाला सांगितलंत तर मानधन आणि चित्रांचे हक्क आधीच कागदावर लिहून घ्यावेत, आणि पुस्तकावर त्याचंही नाव हवं. मग मात्र त्याच्या डोक्यावर बसू नये. आपण सांबार करतो तेव्हा कुणी पळी हातातून घेतली तर चालेल का?

शेवटी सही. प्रकाशकाला हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असा मजकूर दिसला की पेन खाली ठेवावं आणि विचारावं, भाषांतराचे पैसे कुणाला? उद्या कुणी बेडकाचं नाटक बसवलं तर? विचारायला लाजू नये. भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी भांडलेल्या बायका आपण!