घरचं पनीर : विकायचं, आणि खायचंही

आज पनीरबद्दल बोलू या. पौडपासून भूगावपर्यंत रस्त्याला किती मंगल कार्यालयं आणि हॉटेलं आहेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे पनीरची भाजी असतेच. दूध आपल्या गोठ्यात आणि पनीर येतं बाहेरून टेम्पोने! म्हणून आमच्या गटाने ठरवलं, आपणच करून बघू.

पहिला घाणा फसला. दूध रटरटत असतानाच आम्ही लिंबू पिळलं, गॅसही चालूच ठेवला. पनीर झालं रबरासारखं चिवट. "ही तर चपलेची पट्टी झाली गं!" असं म्हणून आम्हीच हसलो.

आता आम्ही असं करतो. दूध म्हशीचं घ्यायचं. 1 लिटरमध्ये 200 ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं, गाईच्या दुधात त्याहून कमी. एक उकळी आली की गॅस बंद. चार-पाच मिनिटं ढवळत वाफ जाऊ द्यायची. मग एका मोठ्या लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून थोडं थोडं घालायचं. हिरवट, नितळ पाणी वेगळं दिसलं की थांबायचं. पाणी दुधाळ असेल तर अजून थोडा रस. ओल्या मलमलच्या फडक्यात गाळून वरून गार पाणी घाला, नाहीतर आंबटपणा राहतो. गाठ मारून अर्धा तास वरवंट्याखाली ठेवलं की झालं.

खाली गळलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यातही थोडी प्रथिनं आणि क्षार असतात. पोळीची कणीक त्यात भिजवा, आमटीत घाला.

100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे जवळजवळ तीन अंड्यांएवढी. हाडांना लागणारं कॅल्शियम भरपूर. स्निग्धही बरंच असतं, तेव्हा भाजीत वर तेलाचा तवंग कशाला? पण एक गैरसमज काढून टाका. पनीरने रक्त वाढत नाही, कारण त्यात लोह जवळपास नसतंच. उलट लोहाची गोळी दूध-पनीरबरोबर घेतली तर ती अंगी नीट लागत नाही. गोळी आणि पनीर यांत दोन तासांचं तरी अंतर ठेवा. आशाताईंनी गोळ्या दिल्या असतील त्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

आता भावाचं. 1 किलोला 5 लिटर दूध लागतं. लिटरला 60 रुपये धरले तरी नुसत्या दुधाचेच 300 झाले, गॅस आणि मेहनत वेगळी. मग कुणी 200 रुपये किलोने देत असेल, तर त्यात दूध किती असेल? मार्च 2025 मध्ये हा विषय विधानसभेतही गाजला होता. पिठाची भेसळ घरी कळते: तुकडा पाण्यात उकळून गार करा, वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं-काळं झालं तर पीठ आहे. पामतेलाचं पनीर मात्र या चाचणीत सापडत नाही, त्यामुळे भाव बघूनच सावध व्हायचं.

आता जरा मनाला लागलेली गोष्ट. ऑर्डरी सुरू झाल्यावर एकदा बैठकीत विचारलं, "यातलं पनीर आपल्यापैकी किती जणींनी खाल्लं?" एकीनेही हात वर केला नाही. घरी नेलेला तुकडा पोरांच्या, मालकांच्या ताटात जात होता. तेव्हापासून दर घाण्यातलं थोडं पनीर बाजूला काढतो. मीठ, मिरपूड लावून तिथेच, चुलीपाशी बसून खातो. घरी न्यायचं नाही, हा नियम. पावसाळ्यात तर ते बरंच पडतं, कारण आपल्याकडे वीज गेली की फ्रिजचा भरवसा नसतो.