शिशाची गोळी, मुलांचे हात

1776 च्या 9 जुलैला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्याला वाचून दाखवला गेला आणि जमावाने तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोचले. तिथे घरच्या आणि शेजारच्या बायका-मुलांनी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. वोल्कॉटांनी त्याचा हिशेब नावांनिशी लिहून ठेवला. एकूण गोळ्या 42,088. त्यात मुलगी लॉराच्या 8,378, तिची धाकटी बहीण मेरी ॲन हिच्या 10,790 आणि फ्रेडरिकच्या 936. फ्रेडरिक तेव्हा आठ वर्षांचा होता.

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीचा नाद अजून जिवंत आहे. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी या बंदुकांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे. संघटना 1933 ची. ‘फोर-एच’ या ग्रामीण युवक चळवळीच्या नेमबाजी कार्यक्रमात ठासणीची बंदूक हा स्वतंत्र विभाग आहे, आणि स्काउटांच्या रायफल पदकासाठीही हा पर्याय घेता येतो. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची रीत सांगायला नको: नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि गजाने ठासणं. अमेरिकन रायफलीत गोळीभोवती तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाची चकती गुंडाळतात. नळीतल्या आट्यांना ते कापड धरतं आणि गोळीला फिरकी देतं. पूर्वी हातघडणीच्या प्रत्येक बंदुकीची नळी थोडी वेगळी असे, म्हणून कारागीर बंदुकीबरोबर तिच्याच मापाचा साचाही देई. बंदूक आणि साचा अशी जोडीच असायची. त्यामुळे जिथे मुलं ही बंदूक शिकतात, तिथे गोळी ओतण्याचा विषय आज ना उद्या निघतोच.

तयार गोळ्या दुकानात मिळतात, मग हा खटाटोप कशाला? माझं उत्तर असं, की धातू कसा वागतो हे मुलाला इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं काम मला माहीत नाही. शिसं 327 अंशांना वितळतं. ओतताना ते साधारण 370 ते 425 अंशांवर ठेवतात. साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात. फार तापला तर ती चकाकण्याऐवजी दव पडल्यासारखी पांढुरकी निघते. ओतणाऱ्याची चूक गोळीच्या अंगावर लगेच उमटते. शिसंही शुद्धच लागतं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. चाकाच्या तोलाच्या वजनांत अँटिमनी मिसळलेलं असतं, त्यामुळे ती कडक गोळी या बंदुकीला चालत नाही. आणि जुन्या बॅटरीतल्या पत्र्यांना तर हातही लावायचा नाही. त्यांतून विषारी वायू निघू शकतात, आणि मुलांच्या शिबिरात त्यांना जागाच नाही.

पुढचं काम झटपट होतं. साच्याच्या वरच्या पट्टीतल्या भोकातून शिसं ओतायचं, ते थिजेपर्यंत थांबायचं, लाकडी दांडक्याने पट्टी सरकवून वरचं शेपूट कापायचं, साचा उघडून गोळी घडी केलेल्या सुती कापडावर पाडायची. अर्ध्या इंची नळीसाठी 0.490 इंच व्यासाची गोळी लागते. तिचं वजन 177 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम.

मुलांना भीती वाटते ती वितळलेल्या शिशाची, आणि ती वाटलीच पाहिजे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट फुगतं. वरून पडलेला थेंब बहुतेक वेळा पृष्ठभागावरच चुरचुरून जातो. खरा घात होतो तो पाणी शिशाच्या खाली सापडलं तर. रात्रभर दवात राहिलेली शिशाची वीट किंवा ओलसर पळी भांड्यात बुडवली, की आतलं सगळं शिसं उसळून बाहेर फेकलं जातं. म्हणून नवी वीट आधी भांड्याच्या कडेवर तापवून पूर्ण कोरडी करायची, पळी आणि साचाही तापवूनच वापरायचे. पाण्याच्या बाटल्या ओतण्याच्या जागेपासून लांब. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पायात चामड्याचे बूट, आणि पँट बुटांवरून खाली सोडलेली, म्हणजे सांडलेला थेंब बुटात शिरत नाही. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, हातात चामड्याचे मोजे.

एवढं सगळे शिक्षक सांगतात. मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या तासाची. भाजलेलं दिसतं, शिसं पोटात गेलेलं दिसत नाही. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, कारण ते उकळतं 1,749 अंशांना. धोका आहे तो वर तरंगणाऱ्या राखाडी मळीत. मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की चांगलं शिसं खाली उतरतं आणि मळी भुकटी होऊन वर येते. ती भुकटी बोटांवर, बाहीवर, बुटांच्या तळव्यांना बसते आणि सँडविचबरोबर तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं, लहान मुलाचं निम्म्यापर्यंत. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही पातळी निर्धोक मानली जात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये दखल घेण्याची पातळी 5 वरून दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली.

तेव्हा आठ वर्षांच्या मुलाने आज भांड्याजवळ उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे. परंपरेचं नाव सांगून यात सूट घेता येणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी आखलेल्या रेषेबाहेर, वारा पाठीवर घेऊन उभं राहावं आणि बघावं. समजत्या वयाच्या, पालकांची लेखी संमती असलेल्या मुलाने ओतावं, तेही एका वेळी एकानेच, शेजारी शिक्षक उभा असताना. त्याआधी कोरडी तालीम हवी: थंड भांडं, रिकामी पळी, बंद साचा, आणि सगळ्या हालचाली क्रमाने, न अडखळता. आपल्याकडे कल्हईवाल्याचा हात जसा न बघता फिरायचा, तितका तो हात आधी वळला पाहिजे. शेगडी उघड्यावर, सपाट दगडावर किंवा मातीवर. घराच्या स्वयंपाकघरात कधीच नाही.

आणि ज्यांना ओतायला मिळणार नाही, त्यांच्यासाठी या धंद्यातलं सगळ्यात रंजक काम राखून ठेवावं: वजन करणं. नायट्राइलचे हातमोजे घालून एकेक थंड गोळी काट्यावर ठेवायची. बाहेरून दोन गोळ्या अगदी सारख्या दिसतात, पण एक दोन-तीन ग्रेन हलकी भरते. म्हणजे तिच्या पोटात पोकळी आहे आणि ती सरळ जाणार नाही. अशी गोळी मुलाने स्वतः शोधून काढली, की साचा थंड का होता, शिसं थांबत थांबत का ओतलं गेलं, असे प्रश्न तेच विचारू लागतं. हलकी गोळी टाकून द्यायची नाही, परत भांड्यात घालायची. धातूचा हा उदारपणा मुलांना फार आवडतो.

शिबिराचा शेवटचा अर्धा तास घाईत उरकायचा नाही. मळी झाकणाच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहायचं. ती घातक कचऱ्याच्या केंद्रात जाते, कचरापेटीत किंवा मातीत नाही. भांडं आणि पळी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, तोंडही, आणि त्यानंतरच खाऊचा डबा उघडायचा. बूट गाडीत बसण्याआधी बदलून पिशवीत बांधायचे. कपडे घरी गेल्यावर वेगळे धुवायला हवेत, आणि हे मुलाला सांगून भागत नाही. धुणाऱ्याला चिठ्ठी लिहून द्यावी, विशेषतः घरात रांगतं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर.