"एबीएस बसवून मिळेल का?" गॅरेज टाकण्याआधी हे समजून घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत ब्रेकचं काम दाखवलं, पण एबीएसपर्यंत येईतो वेळ संपली. म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहितोय. तुमच्यापैकी ज्यांना स्पेअर पार्टचं दुकान किंवा छोटं गॅरेज टाकायचंय, त्यांनी हे निवांत वाचा. ज्यांचा धंदा वेगळा आहे त्यांनीही वाचा, कारण गाडी तर चालवताच ना!

माझ्या दुकानात महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो. परवाच एक मुलगा २०१५ ची बेस मॉडेल हॅचबॅक घेऊन आला. म्हणाला, "दादा, घरात बाळ आलंय, गाडीला एबीएस बसवून द्या. जो काय खर्च होईल तो होऊ दे." आता असं गिऱ्हाईक समोर असताना 'नाही' म्हणायला जीवावर येतं. पण मी नाही म्हणालो. का म्हणालो ते कळायला आधी एबीएस नेमकं करतं काय ते बघू.

पावसात घाट उतरताय, पुढे अचानक म्हैस आली. तुम्ही ब्रेकवर उभेच राहिलात. साध्या ब्रेकच्या गाडीत काय होतं, चाक फिरायचं थांबतं, पण गाडी थांबत नाही. बंद पडलेलं चाक ओल्या रस्त्यावर साबणाच्या वडीसारखं सरकत जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तुम्ही स्टिअरिंग कितीही वळवा, गाडी सरळच जाते. कारण वळण्यासाठी चाक फिरत असावं लागतं. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे तो एक सेकंद गाडी तुमची नसते.

बऱ्याच जणांना वाटतं एबीएस म्हणजे गाडी लवकर थांबते. ओल्या डांबरावर बहुतेक वेळा थांबते, हे खरं. पण सुट्या खडीवर किंवा वाळूत उलट थोडं जास्त अंतर लागू शकतं, कारण तिथे बंद चाक स्वतःपुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि त्याला अडून थांबतं. एबीएसचं मुख्य काम वेगळंय. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवणं, हे ते काम. गिऱ्हाइकाला समजावताना हा फरक नीट सांगा, नाहीतर उद्या तो म्हणेल, "तुम्ही तर म्हणाला होता लगेच थांबते."

आता आतली गंमत. टायरची पकड सगळ्यात चांगली कधी असते? चाक मोकळं फिरताना नाही आणि पूर्ण बंद पडल्यावरही नाही. मधे कुठेतरी. समजा गाडी ५० च्या वेगाने चाललीये आणि चाक ४० च्या हिशोबाने फिरतंय, म्हणजे २० टक्के घसरण. साधारण १० ते ३० टक्क्यांच्या या पट्ट्यात टायर रस्त्याला घट्ट धरून असतो. चांगला जुना ड्रायव्हर पायाने ब्रेक दाबून-सोडून हेच साधायचा प्रयत्न करायचा. पण पाय सेकंदाला किती वेळा हलणार? आणि पाय एक, चाकं चार. एक चाक डांबरावर, दुसरं चिखलात असलं तर पाय काय करणार? एबीएस प्रत्येक चाकाचा हिशोब वेगळा ठेवतं आणि हेच काम सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतं.

त्यासाठी सामान किती लागतं? प्रत्येक चाकापाशी एक स्पीड सेन्सर. त्याच्यासमोर फिरणारी दातेरी रिंग, किंवा हल्लीच्या गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय रिंग. बॉनेटखाली एक ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्याला आपण मॉड्युलेटर म्हणतो. त्यात व्हॉल्व्ह, एक छोटी मोटर आणि पंप. आणि त्यालाच चिकटलेला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. मास्टर सिलिंडरकडून ठोकळ्यात दोन पाइप येतात आणि चार पाइप चार चाकांकडे जातात. प्रत्येक चाकाला दोन व्हॉल्व्ह: एक ऑइल आत सोडणारा, एक बाहेर काढणारा.

ईसीयू चारही चाकांचा वेग सतत वाचत असतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा अचानक जास्तच हळू झालं की त्याला कळतं, हे आता बंद पडणार. लगेच तो आत जाणारा व्हॉल्व्ह बंद करतो. म्हणजे तुम्ही पाय कितीही दाबा, त्या चाकावरचा दाब वाढत नाही. तरीही चाक हळूच होत असेल तर दुसरा व्हॉल्व्ह उघडतो, थोडं ऑइल बाहेर येतं, दाब कमी होतो, चाक परत वेग घेतं. पंप ते ऑइल उचलून मागे ढकलतो. मग पुन्हा दाब वाढवायचा. धरा, सोडा, वाढवा. पायाखाली पेडल थरथरतं आणि घर्रर्र असा आवाज येतो तो याच्यामुळे. ती खराबी नाही.

कल्पना तशी जुनी आहे. विमान उतरताना चाकं बंद पडून टायर फुटू नयेत म्हणून आधी विमानांत असली यंत्रणा आली. कारसाठी बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नवीन कारला ते सक्तीचं झालं. धंद्याच्या दृष्टीने ही तारीख लक्षात ठेवा. तेव्हा घेतलेल्या गाड्यांची वॉरंटी संपली, त्या आता तुमच्या-माझ्यासारख्यांच्या दारात येतायत.

परत त्या मुलाकडे येऊ. कारखान्यात एबीएस बसतं कसं? हबजवळच्या नकलला सेन्सरसाठी जागा आधीच कोरलेली असते, सेन्सर आणि रिंगमधलं अंतर मिलिमीटरच्या आसपासचं. मॉड्युलेटर रबरी बुशवर बसवतात, म्हणजे हादरे कमी लागतात. ब्रेक लाइनमधली सगळी हवा मशीनने ओढून घेऊन मग ऑइल भरतात. ईसीयूमध्ये त्याच मॉडेलची माहिती भरतात: वजन, टायर, ब्रेकचा आकार. शेवटी गाडी रोलरवर चढवून एकेक चाक फिरवून बघतात, की डाव्या सेन्सरची वायर चुकून उजव्याला तर जोडली नाही ना.

यातलं आपण काय करू शकतो? नकल बदला, हब बदला, वायरिंग ओढा, पाइप बदला, सगळं जमवलं तरी त्या गाडीसाठी जुळवलेला प्रोग्राम कुठून आणणार? दुसऱ्या गाडीचा ठोकळा बसवला तर तो कधी सोडायचं आणि कधी दाबायचं याचा निर्णय चुकीच्या आकड्यांवर घेईल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीने दिलेल्या मूळ गाडीत असे बदल करायला ते आडवं येतं. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, ते पैसे एबीएसवाली गाडी घ्यायला ठेव. आज चांगले टायर टाक, ब्रेक ऑइल बदलून घे. त्याने टायर माझ्याकडूनच घेतले, हे ओघाने सांगतो.

आणि हो, ब्रेक लाइनवर बसवायचा एक छोटासा डबा 'एबीएस' म्हणून बाजारात मिळतो. ना सेन्सर, ना ईसीयू, आत फक्त रबर-स्प्रिंग. चाक बंद पडतंय हे त्याला कळणार कसं? मार्जिन कितीही चांगलं असू दे, माझ्या दुकानात तो नाही.

मग धंदा कशात आहे? दिव्यात. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या एबीएसच्या दिव्यात. चावी फिरवली की तो दोन-तीन सेकंद लागून विझतो. विझला नाही तर सिस्टीम स्वतः बंद झालीये, साधा ब्रेक मात्र चालू आहे. पण पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर गाडी पुढे नेऊ देऊ नका. ऑइल कमी असू शकतं, किंवा मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी ईबीडीसुद्धा बंद असू शकते, आणि मागची चाकं आधी बंद पडली तर गाडी गोल फिरते.

आता माझी चूक सांगतो, ती मी व्हिडिओत सांगितली नव्हती. दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, त्यांच्या गाडीचं पुढचं बेअरिंग बदललं. बेअरिंग दाबून बसवलं, आवाज गेला, पण एबीएसचा दिवा लागला. मेस्त्री म्हणाला सेन्सर गेला असेल. नवा सेन्सर टाकला. दिवा तसाच. गणपतीची गडबड, सरांना आंबा घाटाने रत्नागिरीला जायचं होतं. मी म्हणालो, "सर, ब्रेक लागतोय की, काही होत नाही. आल्यावर बघू." आणि गाडी दिली.

घाटात पावसात एका वळणावर त्यांनी जोरात ब्रेक मारला. चाकं बंद पडली, गाडी सरळ कठड्यापर्यंत सरकली. कुणाला लागलं नाही, बंपर गेला. चार दिवसांनी ते दुकानात आले. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "बिलात काय लिहिलंस ते राहू दे. दिवा का लागला होता ते सांग." मला सांगता आलं नाही.

बेअरिंग उलटं बसलं होतं. एवढंच. चुंबकीय रिंगची बाजू सेन्सरकडे हवी, ती बाहेरच्या बाजूला गेली होती. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या. आता आमच्याकडे नियम आहे: बसवण्याआधी दोन्ही सीलवर कागदाची लोखंडी पिन हळूच टेकवायची. ज्या बाजूला ती ओढली जाते ती रिंगची बाजू, ती सेन्सरकडे. असली बेअरिंग स्पीकर किंवा लोहचुंबकाजवळ ठेवायची नाहीत आणि रिंगवर हातोडा तर अजिबात नाही. सरांचे बेअरिंगचे, सेन्सरचे आणि बंपरचे पैसे मी दिले. त्या महिन्याचा नफा तिथेच संपला.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, स्कॅनर घेतला. स्वस्तातला ब्लूटूथवाला बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. आपल्याला एबीएसचे, म्हणजे 'सी' अक्षराने सुरू होणारे कोड वाचणारा, चारही चाकांचा वेग गाडी चालताना दाखवणारा आणि एबीएसचा पंप चालवून हवा काढता येणारा हवा. शेवटचं महत्त्वाचं, कारण मॉड्युलेटरमध्ये हवा अडकली तर नुसतं पेडल मारून आणि निपल उघडून ती पूर्ण निघत नाही. दुसरी गोष्ट, तपासणीचे पैसे वेगळे लावायला लागलो. सुरुवातीला लोक कुरकुरले. पण तपासणी फुकट ठेवली की पार्ट विकण्याचा मोह होतो, आणि मग सेन्सरच्या तुटक्या वायरसाठी गिऱ्हाइकाच्या गळ्यात अख्खा मॉड्युलेटर मारला जातो. माझ्याकडे दिवा लागून आलेल्या गाड्यांत मॉड्युलेटर खरंच गेलेला क्वचितच निघतो. बहुतेक वेळा वायर, कनेक्टरमधलं पाणी, गंजलेली रिंग, नाहीतर एका चाकाला वेगळ्या साइझचा टायर.

मेस्त्रीला एवढं जरूर शिकवा. दोन वायरचा सेन्सर दिसला की लगेच मीटर ओहमवर लावू नका. जुन्या पद्धतीच्या सेन्सरला ते चालतं, नव्या ॲक्टिव्ह सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते खराब होऊ शकतं. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलायचा तर आधी निपल उघडा, म्हणजे घाण ऑइल उलटं मॉड्युलेटरमध्ये जाणार नाही. वेल्डिंग करायचं तर बॅटरी काढा. आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगा. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी ओढलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. त्या पाण्याने व्हॉल्व्ह आतून गंजतात ते वेगळंच.

गाडी परत देण्याआधी मोकळ्या मैदानात तीस-चाळीसच्या वेगाने एकदा जोरात ब्रेक मारून बघतो, शेजारी गिऱ्हाइकाला बसवून. नंतर त्यांनाच चालवायला देतो आणि सांगतो, पेडल थरथरलं तरी पाय उचलायचा नाही, दाबून धरायचं आणि स्टिअरिंगने वाट काढायची. सर अजून माझ्याकडेच येतात. गाडी दुरुस्त झाल्यावर त्यांनाही असंच मैदानात नेलं होतं. पहिल्यांदा पेडल थरथरल्यावर त्यांनी पाय झटकन उचलला. म्हणाले, "अरे, हे असं होतं होय? मी तीन वर्षं समजत होतो ब्रेक बिघडलाय, म्हणून पाय काढून घ्यायचो." मग आम्ही अजून चार वेळा मैदानाला चक्कर मारली.